लक्ष्मीबाई टिळक : उतारवयात लिहिलेल्या आठवणी

आपल्या मंडळाच्या ज्येष्ठांच्या वाचनगटात गेल्या पावसाळ्यात एक अडचण उभी राहिली. एकेक करून तीन-चार जणींनी यायचं थांबवलं. कुणी गुडघ्यांचं कारण सांगितलं, कुणी नातवाच्या परीक्षेचं. खरं कारण एका काकूंनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं. मागच्या आठवड्यात वाचलेलं पुढच्या आठवड्यात आठवत नाही, पात्रांची नावं एकमेकांत मिसळतात, आणि कुणी काही विचारलं की लाज वाटते. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, म्हणून घरीच बरं.

त्यानंतर आम्ही कादंबरी बाजूला ठेवली आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचायला घेतलं. पुस्तक बहुतेकांनी पूर्वी कधी ना कधी वाचलेलं होतं. हे पुस्तक लिहिणाऱ्या बाईंचं आयुष्य या अडचणीच्या फार जवळचं आहे, आणि ते इथे थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं. आपल्यापैकी अनेकांना लक्ष्मीबाई टिळक म्हणजे शाळेतल्या धड्यातल्या एक विनोदी बाई एवढंच आठवतं. विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी केलेला चित्रपटही काहींना आठवत असेल.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले, घरात मनू. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीनंतर फाशी झाली होती. त्या घटनेनंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना, म्हणजे नानांना, सोवळ्याचं विलक्षण वेड लागलं. बाहेरून येणारी वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, बायकामुलांनी सारखी आंघोळ करायची, कुठे शिवाशिव झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आज आपण याला आजार म्हणू आणि डॉक्टरकडे नेऊ. त्या काळी ते घरच्यांनी सोसायचं असे. या घरात मुलीला शाळेत घालण्याचा प्रश्नच नव्हता. लक्ष्मीबाई शाळेत कधी गेल्या नाहीत.

पण शाळा नसली तरी गोष्टी होत्या. त्या काळच्या ब्राह्मण घरातली मुलगी जात्यावरच्या ओव्या ऐकत मोठी व्हायची. चातुर्मासात पोथी लागायची. श्रीधराचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ घराघरांत वाचले जात. वाचणारा एक, ऐकणारे पंधरा. तीच पोथी पुढच्या वर्षी पुन्हा. ऐकणाऱ्या बायकांना अक्षर येत नसे, पण गोष्ट पुढे कुठे जाणार हे सगळ्यांना ठाऊक असे, आणि तरीही त्या दरवर्षी येऊन बसत. त्यांना मागच्या वर्षीची पोथी आठवते का, असं कुणी विचारत नसे. हा मुद्दा मला आमच्या वाचनगटाच्या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. मुद्रित पुस्तक आल्यावर आपण एकदा वाचलं की झालं असं मानू लागलो, आणि पुन्हा वाचावं लागणं ही उणीव ठरली.

१८८० साली, अकरा-बारा वर्षांच्या वयात, मनूचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं आणि ती लक्ष्मी झाली. नवरा अठराच्या आसपासचा, कोकणातल्या करजगावात जन्मलेला, बुद्धीने तल्लख, कवी, आणि संसाराच्या दृष्टीने अगदी बेभरवशाचा. टिळक केव्हा घर सोडून निघून जातील, कुठे नोकरी धरतील, खिशातले पैसे कुणाला देऊन मोकळे होतील याचा नेम नसे. मात्र लक्ष्मीबाईंना लिहावाचायला शिकवलं ते त्यांनीच. आपल्याला आज गंमत वाटते, पण त्या शिकवणीत राग, रुसवे, अश्रू सगळं होतं. तापट नवरा शिकवतो आहे, बायको हट्टी आहे, आणि मध्ये बाराखडी. अक्षरं बसली, पण उशिरा आणि जेमतेम. उत्तरायुष्यात मराठीतलं एक थोर गद्य लिहिणारी ही बाई हे गद्य कुठल्याही शुद्धलेखनाच्या शिस्तीत शिकली नव्हती. तिने ते कानाने उचललं होतं.

टिळकांच्या भटकंतीमुळे संसार नागपूर, राजनांदगाव असा फिरला. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी मंडळींना राजनांदगाव हे नाव परकं वाटू नये. नागपूरहून राजनांदगावला जाताना १८९३ मध्ये टिळकांना रेल्वेच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. गप्पा झाल्या, आणि त्यांनी टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना हे आधी सांगितलेलं नव्हतं.

त्या वेळी त्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, पदरात लहानगा दत्तू. नातेवाइकांनी त्यांना पंढरपूरला नेलं. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाणं म्हणजे जात सोडणं. न जाणं म्हणजे नवरा असून नसल्यासारखं. या ताटातुटीत त्या आजारी पडल्या, वेडाच्या काठावर गेल्या, आणि याच काळात त्यांच्याकडून कविता होऊ लागली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी सोवळं-ओवळं काही वर्षं सोडलं नाही. चूल वेगळी, पाणी वेगळं. मग एकदा जातीचा विचार त्यांनी स्वतःशीच लावून धरला. हे भेद देवाने केले की माणसांनी, असा साधा प्रश्न. उत्तर मिळाल्यावर त्या कुणाच्याही हातचं खाऊ लागल्या. सोवळ्यापायी वेडावलेल्या बापाची ही मुलगी. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागोमाग गेल्या असं म्हणणं सोपं आहे, पण पाच वर्षं थांबून, स्वतःच्या बुद्धीला पटेल तेव्हाच त्या गेल्या.

अहमदनगर आणि राहुरीच्या संसाराचा तपशील इथे देत बसत नाही. घर सदा माणसांनी भरलेलं असायचं. अनाथ मुलं, विद्यार्थी, पाहुणे आणि कवी सगळेच यायचे. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. आपण ज्यांना पाठ्यपुस्तकातल्या कवितांनी ओळखतो, त्या बालकवींना लक्ष्मीबाईंनी रुसताना, हट्ट करताना आणि मायेने वागताना पाहिलं. १९१८ मध्ये बालकवी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेले. वर्षभरात, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या.

आपण चाळिशी लागली म्हणतो ती चष्म्यामुळे. डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळचं अक्षर पुसट दिसू लागतं, आणि पन्नाशीपर्यंत बहुतेक सगळ्यांना चष्मा लागतो. त्या काळी पन्नाशी म्हणजे म्हातारपणच. विधवा बाई, मिळकत नाही, शिक्षण नाही. अशा बाईने उरलेलं आयुष्य नातवंडं आणि जपमाळ यात काढावं अशीच अपेक्षा. लक्ष्मीबाईंचं लेखिका म्हणून आयुष्य मात्र यानंतर सुरू झालं.

निमित्त मुलाचं. देवदत्तांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. वडिलांविषयी सर्वांत जास्त माहिती आईला, म्हणून आईने आठवेल ते लिहून द्यावं असं ठरलं. थोडक्यात, चरित्राचा कच्चा माल म्हणून हे लेखन सुरू झालं. आईने लिहायला घेतलं आणि टिळकांच्या बरोबरीने स्वतः लक्ष्मीबाई, नाना, सासर, माहेर, दत्तू, शेजारपाजार सगळे कागदावर येऊन बसले. चरित्राच्या साधनातून आत्मचरित्र निघालं. ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले.

हे पुस्तक हातात घेतलं की एक गोष्ट लगेच दिसते. त्यात सनावळी फारच थोडी आहे. कुठली घटना कुठल्या वर्षी घडली हे शोधायला गेलं तर वाचक दमतो. पण कोण कुठे बसलं होतं, कुणाच्या हातात काय होतं, कोण रागावलं आणि कोण हसलं हे सगळं लख्ख आहे. वयानुसार स्मरणशक्ती कशी बदलते याचा मानसशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे, आणि त्यातल्या दोन गोष्टी लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाला अगदी लागू पडतात.

पहिली गोष्ट अशी, की उतारवयातल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला सांगितल्या तर ढोबळमानाने दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त निघतात. चाळिशी-पन्नाशीतल्या त्यापेक्षा कमी. कारणं वेगवेगळी सांगितली जातात. त्या वयात पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी खूप असतात, माणूस तेव्हाच घडत असतो, आणि त्याच काळातल्या गोष्टी पुढे पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात. लक्ष्मीबाईंचं लग्न, अक्षरओळख, मुलांचे मृत्यू, ताटातूट, बाप्तिस्मा हे सगळं बत्तीस वर्षांच्या आत घडलं. पुस्तकातला सर्वांत जिवंत भागही माझ्या मते हाच आहे. नंतरच्या प्रकरणांत माणसं पुष्कळ भेटतात, पण मनूच्या लहानपणातलं नानांचं घर जसं अंगावर येतं तसं दुसरं काही येत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या काकूंना मी मुद्दाम सांगितली. वय वाढलं की वाचलेल्या मजकुरातले नेमके शब्द, नावं, आकडे लवकर निसटतात. नावं तर सर्वांत आधी, कारण नावाला अर्थाचा आधार नसतो. पण गोष्टीत काय घडलं, कोण कुणाशी कसं वागलं, कुणाला काय हवं होतं, हे चित्र मनात उभं करण्याची ताकद फारशी कमी होत नाही. तरुण माणूस गोष्ट परत सांगताना तपशील जास्त देतो. वयस्क माणूस अर्थाकडे वळतो, मध्येच स्वतःचं मत घालतो, तसं आपल्याकडेही झालं होतं म्हणतो. परीक्षेत याला गुण मिळत नाहीत. ऐकणाऱ्याला मात्र बरेचदा दुसरीच गोष्ट आवडते.

इथे एक सावधगिरीही हवी. विसरणं सगळं सारखं नसतं. चहा घेतला की नाही हेच आठवेना, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला झालं, तर ते वयाचं म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावं. आणि वारंवार सांगितलेली आठवण ही मुळातल्या घटनेची नक्कल नसते. दर वेळी सांगताना ती थोडी घासली जाते, गुळगुळीत होते, तिला टोक येतं. लक्ष्मीबाईंच्या आठवणीही अशाच घासून आलेल्या असणार. इतक्या नेमक्या जागी येणारा विनोद पहिल्याच खेपेला सुचत नाही. घरात मुलांना, सुनेला, पाहुण्यांना त्यांनी हे प्रसंग कितीतरी वेळा सांगितले असतील, असं वाचताना वाटत राहतं. त्यामुळे इतिहासकाराने त्या पुस्तकाकडे जरा जपून पाहावं. आपण वाचकांनी तेवढं जपायची गरज नाही.

त्यांचा खरा मोठेपणा मला याहून वेगळा वाटतो. उतारवयात आठवणी सांगणारी माणसं बहुधा दोनपैकी एका वाटेने जातात. एकतर सगळं गोड होऊन जातं, नाहीतर जुने हिशेब चुकते केले जातात. लक्ष्मीबाईंकडे हिशेबाला कमी नव्हतं. न सांगता धर्म बदललेला नवरा, छळणारं सासर, जातीने टाकलेली वर्षं. यातलं काहीच त्यांनी लपवलेलं नाही. टिळकांचा संताप आहे, विक्षिप्तपणा आहे, आणि स्वतःचा हट्टीपणाही आहे. पण सांगताना त्या हसतात. पन्नाशीनंतर मागे पाहताना तिशीतलं दुःख हसत सांगता येणं हे मला स्मरणशक्तीपेक्षा अवघड वाटतं. शिवाय त्या हसण्यामुळे दुःख कमी झाल्यासारखं वाटत नाही. पंढरपूरचं प्रकरण वाचताना आमच्या गटातला एकही माणूस हसला नव्हता.

याच वयात त्यांनी दुसरं एक काम अंगावर घेतलं, ज्याविषयी आपण फार कमी बोलतो. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचं ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतलं होतं. येशूचं चरित्र, पण थाट आपल्या पोथ्यांचा. दहा-अकरा अध्यायांवर ते थांबलं आणि टिळक गेले. ते काम लक्ष्मीबाईंनी पुढे चालवलं आणि त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. शाळेत न गेलेल्या बाईने, पन्नाशी-साठीत, चौसष्ट अध्याय. त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये ते छापून निघालं.

हे कसं जमलं असेल याचा विचार केला की पुन्हा जातं आणि पोथी आठवते. ग्रंथातली ओवी चार चरणांची. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक, चौथा चरण आखूड. गणमात्रांचा काच नाही. ही रचना मुळात तोंडी सांगण्यासाठी आणि कानांनी लक्षात ठेवण्यासाठी घडलेली. यमक पुढच्या शब्दाला हात देतं, आखूड चरण श्वास घ्यायला जागा देतो. लहानपणी कानात बसलेली लय साठीतही मोडत नाही. म्हणून तर नावं विसरलेली आजी आरती न चुकता म्हणते. टिळक संस्कृत वृत्तांत रमणारे विद्वान कवी, पण त्यांनी अर्धवट ठेवलेलं काम त्यांच्या अर्धशिक्षित बायकोला पेलता आलं ते या ओवीमुळे, असं मला वाटतं. दुसऱ्या एखाद्या अवघड वृत्तात ते लिहिलेलं असतं तर कदाचित तसंच राहिलं असतं.

टिळकांच्या मागे लक्ष्मीबाई मुलाच्या कुटुंबाबरोबर काही काळ कराचीतही राहिल्या. फाळणीपूर्वी कराचीत मराठी वस्ती चांगली मोठी होती. तिथल्या जुन्या नावाजलेल्या शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य यांचं नाव आहे. घरापासून इतक्या लांब, वेगळ्या भाषेच्या गावात मराठी बोलत राहणं म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायला नको. इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या घरांतून आजीच्या गोष्टींबरोबर जी मराठी टिकली, ती शब्दकोशातली मराठी नाही. माझ्या आजीकडे भांड्यांची, पक्वान्नांची, भांडणांची जी मराठी होती ती आता माझ्याकडे निम्मीही उरलेली नाही, आणि माझ्या मुलीकडे त्याच्याही निम्मी. लक्ष्मीबाईंचं पुस्तक वाचताना ते शब्द पानापानावर भेटतात. आमच्या गटात एखादा शब्द आला की तरुण वाचक थांबतो, आणि जी काकू मागचं प्रकरण विसरलेली असते तीच त्याचा अर्थ सांगते, वापरून दाखवते, आणि तो शब्द तिच्या सासूबाई कुणाला उद्देशून वापरायच्या तेही सांगते.

शेवटच्या वर्षांत लक्ष्मीबाईंना मान मिळाला. १९३३ मध्ये नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचून मराठी वाचक चकित झाले. त्यातली भाषा बोलल्यासारखी होती, आणि आत्मचरित्र असं लिहिता येतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढे ई. जोसेफीन इंक्स्टर यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, अलीकडे शांता गोखले यांनीही केला. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ची अभिनव आवृत्ती संपादित केली. कवितांचा संग्रह ‘भरली घागर’ त्यांच्या मागे निघाला. हे सगळं पाहायला त्या नव्हत्या. फेब्रुवारी १९३६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्या गेल्या.

आता आमच्या वाचनगटाविषयी थोडं. आम्ही तीन बदल केले आहेत. एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात, त्यामुळे मोतीबिंदूवाल्यांची सोय झाली. मागच्या वेळचा भाग कुणाला विचारायचा नाही. वाचणाऱ्यानेच दोन मिनिटांत सांगून टाकायचा. आणि तेच प्रकरण पुन्हा ऐकायची कुणाला इच्छा झाली तर बिनतक्रार पुन्हा वाचायचं. नानांच्या सोवळ्याचं प्रकरण आतापर्यंत तीनदा झालं आहे. दर वेळी कुणाच्या ना कुणाच्या घरातले एखादे सोवळे आजोबा नव्याने निघतात. ज्या काकू यायच्या बंद झाल्या होत्या, त्यांच्या आजोबांनी एकदा म्हणे पोस्टमनने दिलेलं पाकीट विहिरीत बुडवून घेतलं होतं आणि आतलं पत्र पुसून गेलं. ते पत्र कुणाचं होतं यावर त्यांच्या घरात अजून वाद आहे.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता राहुरीचं प्रकरण घेणार आहोत. सभागृहाच्या मागच्या दारापाशी पायऱ्या कमी आहेत, तिकडूनच या. चष्मा विसरलात तरी हरकत नाही.